ताडांच्या राईतले सिंहासन

नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, शके १२१४मध्ये, थायलंडातल्या सुखोथाय नगरात एका राजाने ताडांच्या राईत एक दगडी आसन मांडले. ही राई त्याने चौदा वर्षे आधी स्वतः लावलेली होती. ही हकीकत, आणि तिच्यासोबत आपले सारे राज्य, त्याने एका चौकोनी दगडी खांबावर लोकांच्या बोलीत कोरून ठेवली. त्या खांबावरची कालगणना आपलीच, शालिवाहन शकाची. वर्षाचा आकडा वाचून त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. सुखोथायच्या दारातच मराठी माणसाला असे ओळखीचे काहीतरी भेटते.

नावही ओळखीचेच. लिहिताना ते संस्कृत 'सुखोदय' असे लिहिले जाते, फक्त उच्चार सुखोथाय. जवळचे सी सत्चनालाय म्हणजे श्रीसज्जनालय. राज्य स्थापणारा सी इन्थराथित म्हणजे श्रीइंद्रादित्य. आणि त्याचा मुलगा, या गोष्टीचा नायक, राम खामहेंग, म्हणजे पराक्रमी राम. जुनी नगरी बँकॉकच्या उत्तरेस सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर, आजच्या सुखोथाय शहरापासून बारा किलोमीटर पश्चिमेला आहे. जमीन सपाट असल्याने सायकल घेऊन फिरणे सर्वांत सोयीचे.

राम हे नाव त्याला जन्मतः मिळाले नव्हते. तो एकोणीस वर्षांचा असताना सीमेवरचा एक सरदार ताक शहरावर चालून आला. बापाची माणसे पांगली, पण हा मागे हटला नाही. आपला हत्ती त्याने शत्रूच्या हत्तीला नेऊन भिडवला, शत्रू पळाला आणि बापाने त्याला हे नाव दिले. शिलालेखात हे सारे राजा 'मी' म्हणून सांगतो. आधी बापाचे नाव, आईचे नाव, आम्ही पाच भावंडे, थोरला लहानपणीच गेला, असे घरगुती तपशील येतात. शिकार मिळाली, मासा मिळाला, आंबटगोड फळ हाती आले, तर ते आधी बापाकडे नेले. बापामागून हयात असलेल्या मोठ्या भावाची तशीच सेवा केली. भाऊ गेल्यावर राज्य आले. सातशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या तोंडी बिरुदांची माळ नाही, धाकट्या मुलाचे बोलणे आहे. माझ्या दृष्टीने या दगडाचे खरे मोल इथे आहे.

राज्य आले सन १२७९च्या सुमारास. पुढच्या वर्णनात राजापेक्षा रयतच जास्त दिसते. पाण्यात मासे आहेत, शेतात भात आहे. व्यापाराला निघालेल्यांकडून वाटेवर जकात घेतली जात नाही. हत्तीचा, घोड्याचा, सोन्याचांदीचा, ज्याला जो करायचा तो व्यापार त्याने करावा. कुणी मेला तर त्याचे हत्ती, कोठारे, सुपारीच्या बागा, नागवेलीचे मळे मुलांकडे जातात, सरकारजमा होत नाहीत. नगरात नारळ, फणस, आंबा, चिंच यांच्या बागा आहेत आणि ज्याने लावल्या त्याच्याच त्या. वाचताना कोकणातल्या वाडीत शिरल्यासारखे वाटते. वेशीवर एक घंटा टांगलेली असे. गाऱ्हाणे असलेल्या कुणीही ती वाजवावी, राजा बाहेर येऊन निवाडा करील. जहांगिराच्या न्यायसाखळीची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. ही घंटा तिच्याहून तीनशे वर्षे जुनी.

शिलालेख सांगतो की शके १२०५मध्ये, म्हणजे सन १२८३मध्ये, राजाने थाई अक्षरे घडवली. ती ख्मेर लिपीवर आधारलेली, आणि तिची मुळे दक्षिण भारतात. पण राजाने एक धाडस केले. आपण इकार-उकार अक्षराच्या डोक्यावर-पायाशी देतो. त्याने त्या खुणा व्यंजनांच्याच ओळीत बसवल्या. पुढच्यांनी हे बदलून त्या पुन्हा वर-खाली नेल्या. बोलीतले सूर दाखवणारी चिन्हे मात्र थाई लिपीत आजही आहेत.

हा खांब सन १८३३मध्ये सापडला तो भिक्षू असलेल्या राजपुत्र मोंगकुटला, जो पुढे राजा झाला. त्याने खांब आणि आसनाची शिला दोन्ही बँकॉकला नेली. १९८०च्या दशकात काही अभ्यासकांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात रचलेला असावा, असा आक्षेप घेतला आणि मोठा वाद झाला. बहुतेक विद्वान तो अस्सल मानतात. २००३मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. मूळ खांब पाहायचा तर बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयातच जावे लागते.

नगरीभोवती एकाबाहेर एक अशा मातीच्या तीन तटबंद्या आणि खंदक आहेत. मध्यभागी वाट (थाईत मंदिर) महाथात, म्हणजे महाधातू: कमळाच्या कळीसारख्या शिखराचा मुख्य स्तूप आणि भोवती विटा-जांभ्याच्या खांबांचे रान. इथले आज दिसणारे बरेचसे काम रामखामहेंगनंतरच्या राजांचे आहे, हे ध्यानात ठेवावे. जवळच्या वाट सी सवायचे तीन ख्मेर घाटाचे मनोरे मुळात हिंदू देवळाचे. तटाबाहेर वाट सी चुममध्ये छप्पर नसलेल्या चौकोनी भिंतींत सुमारे पंधरा मीटर उंच बुद्ध बसला आहे. बाहेरून उभ्या फटीतून फक्त त्याचा चेहरा दिसतो, जवळ गेले की लांबसडक बोटे.

शिवाय जागोजागी तळी. ही नगरी पाण्याच्या हिशेबावर उभी होती. पश्चिमेच्या डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून अडवलेले पाणी गावात आणले जाई. गावातल्या एका तळ्याचे पाणी उन्हाळ्यातल्या मेकाँगसारखे नितळ आणि गोड, असे शिलालेख अभिमानाने सांगतो.

रामखामहेंग सन १२९८च्या सुमारास वारला. लांबचे मांडलिक भराभर सुटले आणि १३७८मध्ये सुखोथायच अयुथ्थया राज्याचे मांडलिक झाले. १९९१मध्ये ही नगरी, सी सत्चनालाय आणि काम्फेंग फेत मिळून जागतिक वारसा ठरली.

शेवटी पश्चिमेच्या टेकडीवरच्या वाट सफान हिनला जावे. दगडी फरश्यांची ओबडधोबड वाट चढून गेले की साडेबारा मीटर उंचीचा उभा बुद्ध पूर्वेकडे तोंड करून, हात उंचावून अभय देताना दिसतो. अमावास्या-पौर्णिमेला राजा पांढऱ्या हत्तीवर बसून दर्शनाला जाई, असे शिलालेखात आहे, तो विहार हाच असे मानतात. पहाटे पोहोचले तर ऊन आधी बुद्धाच्या चेहऱ्यावर येते, मग खालच्या झाडांवर, आणि सर्वांत शेवटी तळ्यांवर.