नर कोण, मादी कोण? : एका माशाची खातेचौकशी



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो वेतनकरारावर नाहीतर महागाई भत्त्यावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी एका माशावर बोलणार आहे. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. पण एका लहान मुलीच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीला वाढदिवसाला मी माशांची जोडी नेऊन दिली. मुंबईत ज्याला ‘फायटर’ म्हणतात तो हा मासा. लांब झुपकेदार परांचा निळा तो नर आणि आखूड परांचा तांबडा ती मादी, असे दुकानदाराने सांगितले व मी मान डोलावली. दोघांना एकाच बरणीत सोडले. सकाळी निळ्याच्या परांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि तो तळाशी मरून पडला होता. मुलगी म्हणाली, “काका, जोडी होती ना? मग भांडले कशाला?” पुढे चार दिवसांनी तांबड्याने पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधले, आणि मला संशय आला की, ही मादी नव्हेच.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातखाचरांत आणि उथळ, संथ पाण्यात तो राहतो. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस असलेल्या खास इंद्रियाने तो हवाही घेतो, म्हणून थोड्या प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो. थाई भाषेत त्याचे नाव ‘प्ला कात’, म्हणजे चावणारा मासा. तिकडे त्याच्या झुंजी लावून पैजा मारण्याची जुनी चाल आहे. रीगन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1910 साली त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे नाव दिले. 2019 साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

आता मुख्य मुद्दा. रानातला नर काही झुपकेदार नसतो. त्याचे पर आखूडच आणि रंग मातकट असतो. लांब पर ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली वस्तू आहे. आखूड परांचे नरही मुद्दाम जोपासले जातात. बाजारात त्यांना ‘प्लाकाट’ म्हणतात. तेव्हा ‘लांब पर तो नर, आखूड पर ती मादी’ हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो आणि नेमका प्लाकाटपाशी फसतो. माझा तांबडा तसाच होता.

खातेचौकशीत एका साक्षीदारावर विसंबून आम्ही कोणाला दोषी ठरू देत नाही. इथेही तोच न्याय लावावा. पहिला साक्षीदार पोटाचा. छातीखालचे दोन बारीक पर आणि पोटामागचा लांब पर यांच्यामध्ये मादीला मिठाच्या खड्याएवढा पांढरा ठिपका दिसतो. ती अंडी घालण्याच्या नलिकेची टोकाची बाजू होय. हा साक्षीदार सर्वांत भरवशाचा. पण कोवळ्या नरांतही कधीकधी तसा ठिपका दिसतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा साक्षीदार दाढीचा. मासा चिडला की कल्ल्यांची झाकणे फुलवतो आणि त्यांच्याखालची पातळ त्वचा बाहेर येते. नराची ही दाढी मोठी असते. पुष्कळदा तो शांत असतानाही तिची कड दिसते. मादीही फुलते, पण तिची दाढी लहान असते. बरणीजवळ मिनिटभर आरसा धरला तर हे पाहता येते. त्याहून अधिक वेळ धरू नये, मासा थकतो.

तिसरा साक्षीदार अंगाचा. नर सहसा लांबट आणि मादी पोटाकडे भरलेली. मीलनाला तयार झालेल्या मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटतात. गडद रंगाच्या माशात मात्र ते नीट दिसत नाहीत. चौथा साक्षीदार घरट्याचा. बुडबुड्यांचे घरटे हे नराचे काम. पण एखादी मादीही थोडेफार बुडबुडे सोडते. एकेकट्या साक्षीत खोट निघू शकते, चारही एका बाजूला झुकल्या तर निकाल द्यावा. दोन महिन्यांच्या आतल्या पिलाचा निकाल तर देऊच नये; खुणा उमटायला त्याहून अधिक अवधी लागू शकतो.

ही खूणगाठ निसर्गातही घट्ट नाही. पाळीव फायटरमध्ये नर घडण्यात ‘डीएमआरटी-१’ या जनुकाचा मोठा वाटा असल्याचे 2022 साली शास्त्रज्ञांनी दाखवले. रानातल्या माशांत मात्र तसे आढळले नाही. म्हणजे माणसाच्या हातात आल्यावर या माशाचे बाहेरचे रूपच नव्हे, तर आतली घडणही बदलली.

आणि घरसंसाराचे काय? मादी अंडी घालते. बुडणारी अंडी तोंडात धरून घरट्यात नेऊन ठेवतो तो नर. पिले पोहायला लागेपर्यंत पहारा त्याचाच. मीलन झाल्यावर मात्र तो मादीला हुसकावतो, आणि छोट्या बरणीत तिला पळायला जागा नसेल तर ती मरते. म्हणून ‘जोडी’ हा शब्द इथे फसवा आहे. खरा नर आणि खरी मादी असली तरी एका बरणीत ठेवू नयेत.

मुलीला मी सांगितले, “चूक माशांची नव्हती, माझी होती.” उरलेला तांबडा तिने ऐसपैस टाकीत एकटा ठेवला. आपणांपैकी कोणाला फायटर घ्यायचा असेल, तर दुकानदाराचा शब्द हा पाचवा साक्षीदार समजावा आणि आधी चौघांची तपासणी करावी. तरीही शंका उरली तर दोन वेगळ्या भांड्यांत ठेवावे. भांड्याची किंमत थोडी असते. चुकीची किंमत मासा भरतो.