अल्टूनाचे मृत्युलेख आणि परळचे अण्णा

अल्टूना (पेनसिल्व्हेनिया) : मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी १८५३च्या एप्रिलमध्ये गेली. त्यानंतर दहाच महिन्यांनी, फेब्रुवारी १८५४ मध्ये, या गावाशेजारचा हॉर्सशू कर्व्ह सुरू झाला. आगगाडीला डोंगर चढता यावा म्हणून रुळांना दिलेला हा प्रचंड वळसा आहे. अल्टूना गाव त्याआधी, १८४९ मध्ये, पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीनं वसवलं. आज इथून मालगाड्या रात्रंदिवस जातात. प्रवासी गाडी मात्र वर्षानुवर्षं दिवसातून एकदा न्यूयॉर्ककडे आणि एकदा पिट्सबर्गकडे. दादरच्या पुलावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

गाव रेल्वेचं असल्याचं स्टेशनावर जाणवत नाही, ते वर्तमानपत्राच्या मृत्युलेखांच्या पानावर कळतं. अमेरिकेत सामान्य माणसाचा मृत्युलेख घरचेच लिहितात आणि बहुधा पैसे भरून छापून आणतात. त्याला ठरलेला साचा आहे : जन्म, शाळा, लष्करातली नोकरी, लग्नाचं वर्ष, चर्च. मग नोकरी, आणि तीही तपशिलानं. कुठल्या कारखान्यात, बॉयलरवर की डिझेलवर, किती वर्षं, कुठल्या युनियनचा सभासद. पुढे मासेमारी, शिकार, नातवाच्या बेसबॉल सामन्यांना लावलेली हजेरी. शेवटी आधी गेलेल्यांची आणि मागे राहिलेल्यांची नावं, अंत्यदर्शनाची वेळ, आणि फुलांऐवजी अमुक संस्थेला देणगी द्यावी अशी विनंती.

एकाच माणसाच्या नोकरीत कंपनीची नावं बदललेली दिसतात. पेनसिल्व्हेनिया रेलरोड १९६८ मध्ये पेन सेंट्रलमध्ये विलीन झाली, ती १९७० मध्ये दिवाळखोरीत गेली, १९७६ मध्ये सरकारनं कॉनरेल उभी केली. १९९९ पासून इथला कारभार नॉरफोक सदर्नकडे आहे. पाट्या बदलल्या तरी कामगार स्वतःला ‘रेलरोडवाला’च म्हणवून घेत राहिला.

याला कायद्याचाही हातभार आहे. १९३०च्या मंदीत रेल्वे कामगारांसाठी देशानं वेगळा पेन्शन कायदा केला. पहिला, १९३४ सालचा, सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला. पुढच्या दोन कायद्यांनी योजना टिकली. आजही इथला रेल्वे कामगार सर्वांसाठीच्या सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेत नसतो. त्याचं पेन्शन शिकागोचं रेलरोड रिटायरमेंट बोर्ड देतं. तीस वर्षं नोकरी झाली तर साठीला पूर्ण पेन्शन मिळतं, शिवाय अटी पुऱ्या करणाऱ्या बायकोला तिचं वेगळं. म्हणजे निवृत्तीनंतरही महिन्याच्या महिन्याला त्याच्या कामाची सरकारदरबारी नोंद होत राहते.

हे मृत्युलेख वाचताना लालबागच्या आमच्या चाळीतले अण्णा आठवतात. ते गेले तेव्हा पेपरात चार ओळी आल्या : मध्य रेल्वेतील निवृत्त कर्मचारी, अल्प आजारानं निधन, पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार, अंत्यसंस्कार भोईवाडा स्मशानभूमीत. नाक्यावरच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तर शोकाकुलांचीच नावं जास्त होती.

अण्णा परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. हा कारखाना १८७९ पासूनचा. त्यांचे वडील तिथे जीआयपी रेल्वेचे कामगार म्हणून लागले. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली आणि अण्णा तिचे. मे १९७४च्या वीस दिवसांच्या रेल्वे संपात ते घरी बसले. संप फसल्यावर नोकरी जाते की राहते, या धास्तीत बायकोनं मंगळसूत्र गहाण ठेवून चूल पेटती ठेवली. पुढे ओव्हरटाइमच्या पैशांतून धाकट्या बहिणीचं लग्न झालं, मुलं शिकली. पासावर काशी-रामेश्वर झालं, पण स्वतःच्या गावी, कोकणात, गणपतीला जायला मात्र एसटीच्या रांगेत उभं राहावं लागे. रेल्वेवाल्याच्या गावाला रेल्वेच नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये. तोवर अण्णा निवृत्त झाले होते. निवृत्तांच्या पासावर ते गावी गेले आणि वाटेतला प्रत्येक बोगदा मोजून आले.

अमेरिकन मृत्युलेखात सगळंच खरं नसतं. कारखान्यातली कामगारकपात, घरातली भांडणं त्यात येत नाहीत. पण त्या माणसाचे हात आयुष्यभर काय करत होते, हे त्याच्या पणतूलाही वाचता येतं. आपण मागे राहिलेला परिवार मोजतो आणि ज्या कामावर तो उभा राहिला ते चार शब्दांत आटोपतो. परळ-लालबागमधल्या कापडगिरण्या गेल्या, पण गिरणी कामगारांवर निदान कथा-नाटकं तरी झाली; रेल्वे कारखान्यातल्या माणसाच्या वाट्याला तेही फारसं आलं नाही. तेव्हा घरात असा कुणी म्हातारा असेल, तर त्याचं शॉप कोणतं, मेस्त्री कोण, संपात काय झालं, हे त्याच्या हयातीतच विचारून लिहून ठेवावं. पेपरात देताना खर्च वाढेल तो दोन ओळींचा.