महालक्ष्म्यांपुढची मुलगी

भाद्रपदात अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरांत महालक्ष्म्या बसल्या की येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर आधी ज्येष्ठा-कनिष्ठेच्या साड्यांवर जाते. माझी जाते ती त्यांच्या पुढ्यातल्या पिलवंडांवर. एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांना नवे झबले, दोघांना हळदीकुंकू. सासूकडून सुनेकडे आलेली ही मांडणी आहे. ‘मुलगी कशाला, दोन्ही मुलगेच मांडू’ असे कुणी म्हटल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

वऱ्हाडात देवी लेक होऊन येते. महालक्ष्म्या तीन दिवसांच्या माहेरवाशिणी: अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठावर जेवण, मूळावर पाठवणी. त्यानंतर पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत राहते. ही शंकराला भूल घालणारी पार्वती. पण पोरींच्या गाण्यांत ती सासरी जाच सोसणारी, माहेरची वाट बघणारी घरचीच लेक असते. अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर तर रुक्मिणीचे माहेर. तिथून आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते.

आणि ही लेक शेतातल्या वस्तूंनीच घडते. महालक्ष्मीच्या कोठीत धान्य भरतात, वर मुखवटा बसवतात. नैवेद्याला पुरणपोळीबरोबर ज्वारीच्या पिठाची आंबील, अंबाडीची भाजी आणि सोळा भाज्यांची मिसळ लागते. त्या दिवशी बाजारात दोडके, कारले, कोहळे, चवळीच्या शेंगा एकेक करून गोळा करणाऱ्या बाईला विचारा, एकाच पिकाच्या शेतातून हे पान भरेल का? पूजेला दूर्वा, आघाडा आणि केना हवा. केना म्हणजे ओलसर जागी पसरणारे, निळ्या फुलांचे साधे तण. सोयाबीनच्या शेतात शेतकरी त्याच्यावर तणनाशक मारतो, कारण निंदणाची मजुरी परवडत नाही. मी त्याला दोष देत नाही. पण ज्या केन्याची जुडी देवीपुढे ठेवायची, तो बांधावरही उरू नये, हे मला खुपते. निदान बांध तरी फवाऱ्यातून वगळता येतो.

भुलाबाईचे मखर ज्वारीच्या धांड्यांचे असते. त्यात मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी आणि मांडीवर गणपती. पूर्वी धांडे मागायला लांब जावे लागत नसे, कारण आश्विनात ज्वारी दाण्याला आलेली असायची. आता खरिपाच्या ज्वारीची जागा मुख्यतः सोयाबीनने घेतली. सोयाबीनचा पैसा लवकर हाती येतो आणि ज्वारीवर पाखरे आणि रानडुकरे तुटून पडतात. अकोल्यातल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीच्या वाणांवर संशोधन होते, पण घरी खायला एकरभर ज्वारी ठेवणारा शेतकरी कमी झाला. ज्वारी गेली तसा गुरांचा कडबा गेला, आणि पाखरांचा दाणाही.

आता मखरापुढे बसणाऱ्या पोरींकडे वळू. 2011च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली अमरावती जिल्ह्यात 935, अकोल्यात 912 आणि शेजारच्या बुलढाण्यात अवघ्या 855 होत्या. राज्याचा आकडा दहा वर्षांत 913वरून 894वर आला. आणि हे त्याच महाराष्ट्रात, ज्याने देशात सर्वांत आधी, 1988मध्ये, गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. केंद्राचा कायदा 1994चा. सोनोग्राफीचे यंत्र घराघरांतल्या देव्हाऱ्यांना ओलांडून पुढे गेले, असे मला वाटते, आणि याची लाज त्या देव्हाऱ्यासमोर हात जोडणाऱ्या आपल्या सगळ्यांना वाटायला हवी. महालक्ष्म्यांपुढच्या मांडणीत मुलगे आणि मुली बरोबरीने आहेत. पाळण्यात तसे घडलेले नाही.

भुलाबाईची गाणी संपली की खिरापतीचा खेळ सुरू होतो. घरातली पोर बंद डबा हलवून दाखवते, बाकीच्या विचारतात: गोड का तिखट? मग खारे दाणे, चिवडा, लाडू अशी नावे पुकारत जातात. ओळखला नाही तर डबा पुन्हा खडखडतो. रोज वेगळ्या घरी, रोज नवी खिरापत. हा खेळ एकटीने खेळता येत नाही, गल्लीतल्या घराघरांतून पोरी याव्या लागतात.