जुन्या मोटारीचा स्पार्क प्लग

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा सारी गर्दी तिच्याकडे वळते. झेपेलिन वायुनौकांची इंजिने बनविण्यासाठी 1909 मध्ये जर्मनीत निघालेल्या कारखान्याची ही मोटार. दुसऱ्या महायुद्धात तेथील मोटारींचे उत्पादन थांबले. मग अशा म्हाताऱ्या इंजिनांना स्पार्क प्लग मिळवायचे कसे? उद्यमनगरातील कारागीर एखादा सुटा भाग ओतून, कातून देईल. प्लग मात्र निवडूनच घ्यावा लागतो.

प्रथम आटे पाहावेत. जुन्या इंजिनांत 18 मिलिमीटर व्यासाचे आटे सर्रास असत, पुढे 14 मिलिमीटरचे रूढ झाले. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तर नळाच्या जोडासारखे निमुळते आटे होते! आट्यांची लांबीही जुळली पाहिजे. प्लग जास्त लांब असला, तर वर येणारा दट्ट्या त्यावर आदळू शकतो.

आटे जुळले म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. खरी मेख उष्णतेत आहे. प्लगच्या आतील चिनी मातीचे टोक साधारण 500 अंश सेल्सिअसच्या वर तापले, तरच त्यावरची काजळी जळून जाते. ते 900 अंशांच्या आसपास गेले, तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटते आणि दट्ट्याला भोकही पडू शकते. टोकाची उष्णता प्लगच्या धातूच्या कवचातून इंजिनात जाते. टोक लांब असेल तर वाट लांब, म्हणून प्लग ‘उष्ण’. आखूड असेल तर ‘थंड’. मिरवणुकीत माणसाच्या चालीने जाणाऱ्या मोटारीचे इंजिन फारसे तापत नाही, त्यामुळे थंड प्लग काजळीने भरतो. तिला थोडा उष्ण प्लगच बरा.

पण डबीवरचा आकडा फसवा असतो. एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे थंड, चॅम्पियनवर मोठा म्हणजे उष्ण. बॉशने तर कमालच केली: जुन्या पद्धतीत 225 हा 175 पेक्षा थंड, तर नव्या पद्धतीत लहान आकडा थंड! म्हणून जुना आकडा सांगून नवा प्लग मागू नये. आधी तुलनेचा तक्ता पाहावा.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक हिशेब करू. साध्या हवेत 1 मिलिमीटर फटीतून ठिणगी पाडायला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात, 0.6 मिलिमीटरला 1,800. इंजिनात मिश्रण सहापट दाबले गेले, तर त्याची घनता सहापट होते आणि ढोबळमानाने व्होल्टही सहापट, म्हणजे जवळजवळ 11,000 लागतात. मेकॅनिक प्लग काढून इंजिनावर टेकवतो, ठिणगी दिसली की ‘प्लग चांगला’ म्हणतो. ती ठिणगी 1,800 व्होल्टची; 11,000 व्होल्टला तोच प्लग काजळीतून वीज गळू देईल आणि आत ठिणगी पडणारच नाही.