दस्तरखानावरची इंग्रजी : मुलांना प्रश्न विचारायला शिकवू या

दहावीला इंग्रजीत चांगले गुण मिळवलेली मुलगी अकरावीत जाते आणि पहिल्याच आठवड्यात गप्प होते. 'माझा आवडता सण' या विषयावर तिच्या दहा ओळी तोंडपाठ असतात. पण फॉर्म कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे एका वाक्यात विचारायचे म्हटले की शब्द घशात अडकतात. मुलाखतीला गेलेल्या मुलाचेही तसेच होते. स्वतःची ओळख तो पाठ केल्याप्रमाणे धडाधड सांगतो. साहेबांनी न ठरवलेला पुढचा प्रश्न विचारला की कपाळावर घाम येतो. घरी आल्यावर तो म्हणतो, "अम्मी, मला इंग्रजी येतच नाही." मग महागड्या क्लासची चौकशी सुरू होते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षे हा विषय शिकते. शब्द त्याच्याजवळ भरपूर जमतात. कमी पडते ते बोलणे, आणि त्यातही प्रश्न विचारणे. वर्गात प्रश्न पुस्तक विचारते, नाहीतर शिक्षक विचारतात. मूल फक्त उत्तर देते, तेही बहुधा पाठ केलेले. अर्ध्या तासाची तासिका साठ मुलांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. एवढ्यात जीभ कशी वळणार? ही उणीव घरात भरून काढता येते. त्यासाठी फी लागत नाही. रोजची पंधरा मिनिटे आणि थोडा संयम लागतो.

सवाल-जवाब ही आपलीच रीत

प्रश्नोत्तरांतून शिकणे आपल्याला नवे नाही. हजरत जिब्रील (अलै.) माणसाच्या रूपात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मजलिसमध्ये आले आणि त्यांनी इस्लाम म्हणजे काय, ईमान म्हणजे काय, एहसान म्हणजे काय, असे एकामागून एक प्रश्न विचारले. ते निघून गेल्यावर प्रेषितांनी सहाबांना सांगितले की, ते जिब्रील होते आणि तुम्हाला तुमचा दीन शिकवायला आले होते. आले शिकवायला आणि केले काय, तर प्रश्न विचारले!

दुसरे उदाहरण हजरत जैद बिन साबित (रजि.) यांचे. यहुद्यांशी पत्रव्यवहार करण्यासाठी भरवशाचा माणूस हवा होता, म्हणून प्रेषितांनी या तरुण सहाबींना त्यांची लिपी शिकायला सांगितले. पंधरा दिवसांच्या आत त्यांनी ती आत्मसात केली, असे हदीसमध्ये येते. काम समोर असले की शिकणे वेगाने होते. आपल्या मुलांसमोरही परीक्षेपेक्षा जवळची कामे ठेवली पाहिजेत : दुकान, दवाखाना, बँक, कॉलेजची खिडकी.

प्रश्न अडतो कुठे?

मराठीत, उर्दूत किंवा आपल्या कोकणी बोलीत प्रश्न करणे सोपे आहे. 'तू दमलास' या वाक्याला 'का' लावला की झाला प्रश्न. वाक्य जागचे हलत नाही. इंग्रजीत शब्दांची अदलाबदल होते. 'यू आर टायर्ड' म्हणजे तू दमलास आणि 'आर यू टायर्ड?' म्हणजे दमलास का? ही अदलाबदल व्याकरण म्हणून ठाऊक असली तरी तोंडात बसलेली नसते. दहा-वीस वेळा बोलल्यावरच ती बसते.

दुसरी अडचण 'डू', 'डझ' आणि 'डिड' यांची. 'यू एट' म्हणजे तू जेवलास. प्रश्नात 'डिड' आले की क्रियापद पुन्हा साधे होते : 'डिड यू ईट?' आपली मुले हमखास 'डिड यू एट?' म्हणतात. मुलाला एकच गोष्ट सांगावी : भूतकाळाचे ओझे 'डिड'ने उचलले आहे, क्रियापदाने पुन्हा उचलू नये.

तिसरी अडचण नकारार्थी प्रश्नाची, आणि ती सर्वांत धोक्याची. 'तू गोळी घेतली नाहीस का?' असे विचारले तर आपण म्हणतो, 'हो, नाही घेतली.' इंग्रजीत 'डिडन्ट यू टेक द टॅब्लेट?' असे विचारल्यावर नुसते 'येस' म्हटले, तर गोळी घेतली असा अर्थ होतो. घेतली नसेल तर 'नो, आय डिडन्ट' असेच म्हणावे लागते. डॉक्टरांसमोर या एका 'येस'ने गोंधळ होऊ शकतो. म्हणून घरात 'येस, आय डिड' आणि 'नो, आय डिडन्ट' अशी पूर्ण छोटी उत्तरे देण्याची सवय लावावी.

सुरुवात स्वयंपाकघरातून

एक दिवस घरात बोलले जाणारे इंग्रजी शब्द मोजून पाहा. गॅस, कुकर, फ्रिज, मिक्सर, प्लेट, ग्लास, बिल, रिचार्ज, ऑटो, टिफिन. इंग्रजीचा गंध नाही म्हणणाऱ्या दादीच्या बोलण्यातही यांतले कितीतरी सापडतील. शब्द घरात आहेतच. त्यांच्याभोवती प्रश्न गुंफायचे आहेत.

'हाऊ मेनी व्हिसल्स?' म्हणजे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? 'थ्री.'
'हाऊ मेनी एग्ज डू वी नीड?' अंडी किती लागतील? 'सिक्स.'
'हाऊ मच सॉल्ट?' मीठ किती? 'जस्ट अ लिटल.' अगदी थोडे.
'इज द टी रेडी?' 'नॉट येट.' अजून नाही.
'हूज टर्न इज इट टुडे?' भांडी घासायची आज कोणाची पाळी? 'इट्स माय ब्रदर्स टर्न!'

आपण सगळ्यालाच 'किती' म्हणतो. इंग्रजीत मोजता येणाऱ्या वस्तूला 'हाऊ मेनी' आणि न मोजता येणाऱ्या वस्तूला 'हाऊ मच'. अंडी मोजता येतात, मीठ येत नाही. स्वयंपाक करता करता हा भेद सहज कळतो.

मुलांना आवडणारा आणखी एक खेळ शब्दांच्या मुळांचा आहे. इंग्रजीतला 'शुगर' हा शब्द मुळात अरबी 'सुक्कर'पर्यंत जातो. 'कॉटन' हा अरबी 'कुत्न', 'लेमन' हा 'लैमून' आणि 'कॉफी' हा 'कहवा'. 'पायजमा' आपल्याकडूनच तिकडे गेला. आणि आपल्या हातातले हे मासिक? 'मॅगझिन' हा शब्द अरबी 'मखजन' म्हणजे कोठार यापासून आला आहे. हे कळले की मुलाची इंग्रजीबद्दलची भीती ओसरते. या भाषेच्या कोठारात आपलाही थोडा माल आहे.

दवाखाना आणि बँक

घरात सराव झाला की बाहेरची कामे घरातच खेळून पाहावीत. एकाने डॉक्टर व्हावे, दुसऱ्याने रुग्ण.

'व्हॉट्स द प्रॉब्लेम?' 'आय हॅव अ हेडेक अँड आय फील डिझी.' डोके दुखते आणि चक्कर येते.
'सिन्स व्हेन?' 'फॉर थ्री डेज.'

इथे थांबायला हवे. आपण 'तीन दिवसांपासून' म्हणतो, म्हणून तोंडात 'सिन्स थ्री डेज' येते. नियम साधा आहे. दिवस मोजून सांगायचे तर 'फॉर' : 'फॉर थ्री डेज'. सुरुवातीचा दिवस सांगायचा तर 'सिन्स' : 'सिन्स मंडे'.

मग रुग्णाने प्रश्न विचारावेत. हा भाग बहुतेक वेळा राहून जातो. 'शुड आय टेक इट बिफोर फूड ऑर आफ्टर फूड?' गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर? 'कॅन आय फास्ट विथ धिस मेडिसिन?' हे औषध चालू असताना रोजा ठेवता येईल का? मधुमेह असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे सांगायला नको. डॉक्टर मराठी-हिंदी बोलणारे असतील तर उत्तमच. पण नोकरीसाठी बेंगळुरू, चेन्नई किंवा आखाती देशांत गेलेल्या मुलाला तिथे हेच प्रश्न एकट्याने विचारावे लागतात.

बँकेसाठी तीन प्रश्न पुरेत. 'व्हिच फॉर्म डू आय नीड?' 'व्हेअर डू आय साइन?' आणि सर्वांत मोलाचा : 'कुड यू प्लीज एक्सप्लेन धिस?' हे जरा समजावून सांगाल का? न समजता सही करण्यापेक्षा हा प्रश्न विचारणे केव्हाही चांगले. आपल्या लेकींना हे एक वाक्य तर आलेच पाहिजे.

नाती आणि रोजे

खाला, फुफी, चाची, मुमानी या सगळ्या इंग्रजीत 'आँट' होतात. चचेरे, ममेरे, फुफेरे, खालाजाद सगळे 'कझिन'. फरक सांगायचा असेल तर 'शी इज माय मदर्स सिस्टर' असे फोडून सांगावे. शादीचा अल्बम उघडून 'हू इज धिस?' आणि 'हाऊ इज शी रिलेटेड टू यू?' असे विचारत बसले तर एक संध्याकाळ हसत-खेळत जाते आणि मुलांना खानदानही समजते.

कॉलेजात किंवा कामावर आपल्या मुलांना रमजानबद्दल हमखास विचारले जाते. 'आर यू फास्टिंग?' 'येस, आय ॲम.' 'नॉट इव्हन वॉटर?' पाणीसुद्धा नाही? 'नो, नॉट इव्हन वॉटर, टिल सनसेट.' यानंतर 'व्हाय?' येतो. तिथे मूल लाजून हसले तर संवाद तुटतो. दोन साध्या वाक्यांत त्याला उत्तर देता आले पाहिजे : 'वी डू इट फॉर अल्लाह. इट टीचेस अस पेशन्स.' आम्ही हे अल्लाहसाठी करतो, त्यातून सब्र शिकतो. गंमत म्हणजे 'ब्रेकफास्ट' या शब्दाचा मूळ अर्थही उपास सोडणे असाच आहे. मुलाने हे मित्राला सांगितले तर गप्पा आणखी रंगतील.

अम्मीला इंग्रजी येत नसेल तर?

पुष्कळ भगिनी म्हणतील, आम्हालाच येत नाही, मुलांना काय शिकवणार? भगिनींनो, शिकवायचे नाहीच. विचारायचे आहे. त्यासाठी पाच शब्द पुरतात : 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन', 'हू' आणि 'व्हाय'. जोडीला एक वाक्य : 'देन व्हॉट हॅपन्ड?' मग काय झाले? मुलगा शाळेतून आला की एवढे विचारत राहा. बोलायचे काम त्याचे. मग पाळी बदला. आता मुलाने विचारायचे आणि तुम्ही जमेल तसे, एका शब्दात का होईना, उत्तर द्यायचे. अम्मी चुकत चुकत बोलते हे पाहिले की मुलाचीही चुकण्याची भीती जाते.

काही पथ्ये मात्र सर्वांनी पाळावीत. कोणी चुकले तर हसू नये. मोठ्या भावाने धाकटीची टिंगल केली की ती दुसऱ्या दिवशी बोलणार नाही. वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करू नये. मुलगी म्हणाली, 'आय गो मार्केट येस्टरडे', तर ज्याला येते त्याने पुढच्या प्रश्नातच बरोबर रूप वापरावे : 'ओह, यू वेन्ट टू द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?' तिच्या कानावर बरोबर रूप पडते आणि तिचा मानही राहतो. उच्चारांची फार चिंता नको. उर्दूमुळे आपल्या मुलांना 'झू' आणि 'फॅन'मधले आवाज आधीच येतात. फक्त 'इस्कूल'मधला पुढचा 'इ' तेवढा सोडायचा.

आठवड्याची आखणीही सोपी ठेवावी. दोन दिवस स्वयंपाकघर, दोन दिवस दुकान आणि दवाखाना, एक दिवस नाती, एक दिवस शाळा-कॉलेज. जुम्याच्या रात्री मशिदीतून आलेल्या मुलाला विचारावे, 'व्हॉट वॉज द खुतबा अबाउट?' त्याने तीन वाक्यांत सांगावे. 'इट वॉज अबाउट नेबर्स', शेजाऱ्यांबद्दल होता, एवढे सांगितले तरी सुरुवात झाली. सांगता यावे म्हणून तो खुतबाही लक्ष देऊन ऐकेल, हा वेगळाच फायदा.

इंग्रजी आली म्हणजे माणूस हुशार आणि न आली म्हणजे अडाणी, असे मात्र मुलांच्या मनावर बिंबवू नये. भाषांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी असल्याचे सूरह रूममध्ये आले आहे. पंधरा मिनिटे संपली की पुन्हा आपली मराठी, आपली उर्दू, आपली कोकणी घरात नांदू द्यावी. दादीने आपल्या बोलीत विचारावे आणि नातवाने इंग्रजीत सांगून पुन्हा तिच्या बोलीत समजवावे, यापेक्षा चांगला सराव नाही.

आज इशानंतर दस्तरखान आवरताना घरातल्या सर्वांत लहान मुलाला एवढेच सांगा : आज तू आम्हाला इंग्रजीत एक प्रश्न विचार. कोणताही चालेल. तो विचारेपर्यंत थांबा, त्याला सुचवू नका. त्याचा तो पहिला मोडकातोडका प्रश्न ऐकून सर्वांनी मिळून उत्तर द्या. महिन्याभरात फरक दिसेल, इन्शाअल्लाह.