अकरावीचा पसंतीक्रम कसा भरावा?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडव्याची निगा असेच विषय घेतो. पण दहावीचा निकाल लागला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीपेक्षा प्रवेशाचीच विचारणा जास्त होते. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले-मुली छत्रपती संभाजीनगरला पुंडलिकनगर, गारखेडा भागात खोली करून किंवा नातेवाइकांकडे राहून शिकतात. म्हणून यावेळी हा विषय घेतला आहे.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. अर्जात जास्तीत जास्त १० पसंती क्रमाने भरावयाच्या. घोळ होतो तो या क्रमातच.

आमच्या माहितीतल्या एका सभासदाचे उदाहरण सांगतो. मुलीला ऐंशीच्या आसपास टक्के, मावशी पुंडलिकनगरात राहणारी. मुलीच्या मनात शहरातले एक नावाजलेले सायन्स कॉलेज होते. पण कोणीतरी वडिलांना सांगितले, "दादा, मोठे कॉलेज एक नंबरला टाकाल तर ते मिळायचे नाही, अन् खालचेही हातचे जाईल." त्यांनी हमखास मिळणारे कॉलेज एक नंबरला टाकले आणि मुलीच्या मनातले तिसऱ्या नंबरला. पहिल्याच यादीत एक नंबरचे लागले. नंतर पाहतात तो मनातल्या कॉलेजात तिच्याच प्रवर्गात तिच्याहून कमी गुणांची मुले बसलेली. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

हा सल्ला चुकीचा कसा ते पाहू. संगणक आधी जास्त गुणांचा विद्यार्थी घेतो आणि त्याची यादी वरून खाली वाचतो. ज्या पहिल्या कॉलेजात त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक असेल ती त्याला देतो आणि मग पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतो. म्हणजे ८२ टक्केवाल्याने एखादे कॉलेज चौथे लिहिले, ८१ वाल्याने तेच पहिले लिहिले, आणि तिथे एकच जागा उरली, तर वरची तीन न मिळालेल्या ८२ वाल्यालाच ती मिळते. वर मोठे नाव लिहिल्याने खालच्या कॉलेजावरचा हक्क तिळभरही कमी होत नाही. आपल्या तोडणीचेच पाहा ना. क्रम लागणीच्या तारखेने लागतो, मुकादमाकडे कोण किती खेटे घालतो त्यावर नाही. (निदान लागू नये, असे आम्ही जपून म्हणतो.)

अफवेला मूळ नाही असेही नाही. अमेरिकेत बोस्टन शहरात शाळाप्रवेशाची जुनी रीत अशी होती की, प्रत्येक शाळेच्या जागा आधी तिला पहिली पसंती देणाऱ्यांत वाटायच्या. पहिली पसंती हुकली की दुसऱ्या शाळेच्या जागा भरून गेलेल्या असत. तेथे जाणते पालक हिशेबाने क्रम लावत आणि सरळ माणूस फसे. २००५ मध्ये त्यांनी ती रीत सोडली. आपल्याकडची रीत तशी नाही.

आता खरी मेख. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर, मग शेवटी सर्वांसाठी खुल्या फेरीची वाट पाहायची. दोन ते दहा यांपैकी मिळाले तर प्रवेश घ्या किंवा पुढच्या फेरीसाठी थांबा, पण थांबल्यास तीच जागा राखून ठेवलेली नसते. म्हणून एक नंबरला तेच कॉलेज लिहावे, जे मिळाल्यावर घरात कोणाला हळहळ वाटणार नाही.

दहाही रकाने भरावेत. मागील वर्षीचे कट-ऑफ आपल्या प्रवर्गाचे आणि फेरीवार पाहावेत. दोन-तीन नावे आपल्या गुणांच्या वरची, चार-पाच बरोबरीची आणि शेवटची दोन नक्की मिळणारी असावीत. मात्र नुसता रकाना भरायला नको असलेले नाव घालू नये, कारण तेच लागू शकते. एकाच कॉलेजात अनुदानित व विनाअनुदानित तुकड्यांचे सांकेतांक वेगळे असतात आणि फीमध्ये मोठी तफावत असते, तेव्हा नाव पाहून नव्हे, सांकेतांक पाहून भरा. देवगिरी, स. भु. ही नावे सगळ्यांना ठाऊक, पण पुंडलिकनगरातून रोज जाण्यायेण्याचा वेळ, मेस, खोलीभाडे यांचा हिशेब मुलाला शेजारी बसवून करावा. क्रम मुलाचा असावा, खर्चाची मर्यादा बापाने सांगावी.

लहान मुलांच्या आरटीईच्या २५ टक्के जागांची गोष्ट वेगळी. तेथे गुण नाहीत, सोडत असते. पण जेथे लेकरू पाठवायचे नाही ती शाळा तेथेही लिहू नये.

कॅफेवाल्याला पासवर्ड देऊन घरी निघून जाऊ नका. शेजारी बसून क्रम एकेक वाचून घ्या, अर्ज लॉक करण्यापूर्वी मुलाला पुन्हा दाखवा आणि छापील प्रत जपून ठेवा.

— ऊस विकास विभाग