घोटा मोडला: प्रश्न हाडाचा की पकडीचा?

घोट्याजवळ हाड मोडलं की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, प्लेट घालून मोकळे व्हा. दुसऱ्याला खात्री असते की प्लास्टरनं भागत असताना डॉक्टर उगाच चिरफाड सुचवतायत. दोघंही धरून चालतात की मोड जितकी मोठी, तितकं ऑपरेशन अटळ. डॉक्टर मात्र बघतात ते वेगळंच: अंगाचा भार पडल्यावर सांधा जागेवर राहतो का?

नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, यांच्या खालच्या टोकांची एक खाच बनते. सुताराच्या खाचेत कुसू बसावं तसं टेलस नावाचं हाड तीत बसतं. आतल्या बाजूनं ते धरून ठेवतो डेल्टॉइड हा जाड अस्थिबंध. टेलस फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकलं तरी सांध्यातला हाडांचा संपर्क सरासरी 42 टक्क्यांनी घटतो, असं रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी 1976 साली मृतदेहांच्या पायांवर मोजून दाखवलं. आकड्यावर पुढे वाद झाले. पण सरकलेल्या सांध्यावर वर्षानुवर्षं चाललं तर तो झिजतो, यावर वाद नाही.

म्हणूनच ‘हाड मोडलं म्हणजे ऑपरेशन’ हे खरं नाही. फक्त फिब्युला घोट्याच्या पातळीला मोडली आणि डेल्टॉइड शाबूत असला, तर खाच बहुधा टिकून असते. उभं राहून काढलेल्या एक्सरेत टेलस जागेवर दिसलं, तर प्लास्टर किंवा बूट पुरतो. फिनलंडमधल्या 2019 च्या चाचणीत अशा स्थिर मोडींसाठी तीन आठवड्यांचं प्लास्टर सहा आठवड्यांच्या प्लास्टरपेक्षा कमी ठरलं नाही.

‘एक्सरेत घोट्याचं हाड अखंड आहे, म्हणजे नुसता मुरगळलाय’ हा मला यातला सगळ्यात महागात पडणारा समज वाटतो. मेझोनव्ह या फ्रेंच सर्जनच्या नावानं ओळखली जाणारी एक इजा आहे. तिच्यात दुखतो घोटा आणि फिब्युला मोडलेली असते पार वर, गुडघ्याजवळ. मधले बंध फाटून खाच उघडलेली असते. घोटा दाखवायला आलेल्या माणसाचा गुडघ्याखालचा भाग डॉक्टर दाबून बघतात, तो यासाठीच. पावलाच्या मध्यावरची लिसफ्रँक इजाही अशीच फसवी. झोपून काढलेल्या एक्सरेत ती निसटू शकते. तळव्यावर काळंनिळं दिसलं, तर उभं राहून पुन्हा एक्सरे हवा.

आणि ‘चालता येतंय ना?’ कॅनडात 1992 साली मांडलेल्या ओटावा नियमांत चार पावलं टाकता येतात का, हे विचारलेलं आहेच. पण घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर, दाबल्यावर दुखत असेल, तर चालता येत असूनही एक्सरे काढायचा असतो.

ऑपरेशन ठरलं की नातेवाईक वैतागतात: ‘आठवडा झाला, नुसती सूज उतरायची वाट बघतायत!’ घोट्यावर मांस जवळपास नाहीच, हाडावर थेट कातडी. ती सुजून ताणलेली असताना छेद घेतला तर टाके उसवतात, जखम चिघळते. कातडीला पुन्हा सुरकुत्या पडेपर्यंत थांबण्यात तोटा नाही. अपवाद सांधा निखळल्याचा. तो मात्र तात्काळ जागेवर बसवावाच लागतो. या दिवसांत तेल चोळणं आणि आवळून पट्ट्या बांधणं कृपा करून टाळा.

प्लेट काढावीच लागते, हाही असाच एक समज. ती टोचत नसेल, जंतुसंसर्ग नसेल, तर राहू द्यावी. दोन हाडं एकत्र धरणारा स्क्रू बंध जुळल्यावर चालताना तुटला, तर त्यावरून ऑपरेशन फसलं असंही ठरत नाही.

मधुमेहानं पायाची संवेदना गेलेल्यांचं गणित निराळं. दुखत नाही म्हणून ते मोडलेल्या घोट्यावर चालत राहतात आणि सांधा आतल्या आत ढासळतो. त्यांना अनेकदा नेहमीपेक्षा जास्त मजबूत जोडणी लागते आणि पाय टेकवायची बंदी जवळपास दुप्पट काळ पाळावी लागते. दुखणं थांबलं, हे इथे हाड जुळल्याचं लक्षण धरता येत नाही. परवानगी मिळते ती पुढचा एक्सरे बघून.